बिनहाताची खुर्ची

मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, एकटी राहणार का हेही विचारलं नाही. "बसा," एवढंच म्हणाले. मी बसले. ते समोर उभे राहून बघत राहिले. चेहऱ्याकडे नव्हे, खांदे, कंबर, गुडघे असं खाली खाली. मला कसंतरीच झालं. थोड्या वेळानं म्हणाले, "आता त्या खुर्चीत." मी उठून त्या खुर्चीत बसले. मग तिसऱ्या.

"कोणती बरी वाटली?"

मोताळ्याच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. माहेर दुसरबीडचं. आमच्या घरी खुर्च्या फक्त पाहुण्यांसाठी असायच्या, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझं काही मत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. खरं सांगावं की गोड बोलावं, हे कळेना. शेवटी म्हटलं, "पहिली बरी आहे. दुसरी गुडघ्यामागे टोचते. ह्या लालवर भीती वाटते."

"काय भीती वाटते?"

"मागे पायच नाहीत हिला."

ते हसले. फार कमी हसायचे, हे पुढे कळलं. "खोली तुमची," म्हणाले. "जे लोक सगळ्याला मस्त म्हणतात त्यांना मी घर देत नाही. तोंड काहीही म्हणो, पाठ खोटं बोलत नाही. एकच अट आहे. ती बाजारात मिळते ना, पांढरी प्लास्टिकची खुर्ची, ती या कुंपणाच्या आत आणायची नाही."

आतल्या दारात त्यांची बायको उभी होती. हातात पाण्याचा पेला. ती मला म्हणाली, "घे पोरी, पाणी घे. लय लोकं तं पाणी याच्या आंधीच पळून जातेत."

मी त्यांना काका म्हणू लागले आणि तिला काकू. गावात त्यांचं नाव खुर्चीसाहेब पडलं होतं. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसतं खुर्ची.

घर गावाबाहेर, बुलढाण्याच्या रस्त्याला. पुढे त्यांची बैठक, स्वयंपाकघर, एक झोपायची खोली. बाजूला माझ्या दोन खोल्या, वेगळं दार. मागे टिनाचं शेड. बैठकीत एकसारख्या दोन खुर्च्या नव्हत्या. एक नारिंगी, अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी, बारीक सळ्यांवर ठेवलेली. एक वाकवलेल्या प्लायवूडची. एक पांढरीशुभ्र, एकाच देठावर उभी, धोतऱ्याच्या फुलासारखी. आणि ती लाल, अख्खी एका तुकड्यात ओतलेली, बसलं की जराशी झुलणारी. यातल्या एखाददुसरीच अस्सल परदेशी होती. बाकीच्या त्यांनी मुंबईत असताना मासिकातल्या फोटोंवरून, मापं काढून, स्वतःच्या हातानं घडवल्या होत्या. कोणती कुठली हे मला तरी कधी ओळखता आलं नाही.

मुंबईत ते फर्निचरच्या एका कारखान्यात खुर्च्यांची ड्रॉइंग करायचे. त्या काळाबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. आमच्याकडची म्हातारी माणसं स्वातंत्र्याच्या चळवळीबद्दल बोलत तसे ते फायबरबद्दल बोलत. "तिकडे महायुद्ध संपलं होतं. कारखाने रिकामे, हात रिकामे, आणि हे नवं प्लास्टिक हाताशी आलेलं. कसंही वाकवा, कसंही ओता. लोकांना खरंच वाटलं होतं की आता साहेबाला आणि कारकुनाला एकच खुर्ची मिळेल, आणि ती चांगली असेल." मग ते नारिंगी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे. "ही अमेरिकेतल्या एका नवरा-बायकोनं मिळून केली. दोघांनी."

"मंग बरोबर," काकू स्वयंपाकघरातून म्हणायची. "बायकोनं सांगतलं असन, उंची किती ठेवाची थे."

काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

पांढऱ्या खुर्चीचा राग मात्र नुसता चक्रमपणा नव्हता. साच्यात ओतली की मिनिटाभरात बाहेर पडणारी ती खुर्ची बाजारात आली आणि कारखान्यानं ड्रॉइंगचा विभागच बंद केला. त्यांना नारळ दिला तो समारंभ कॅन्टीनमध्ये झाला. तिथं बसायला त्याच पांढऱ्या खुर्च्या मांडलेल्या. "तिच्यावर बसून मी गळ्यात हार घालून घेतला," ते म्हणायचे. "बसल्या जागी तिचे पाय फाकत होते. भाषण संपेपर्यंत मला तेवढंच जाणवत होतं." त्यानंतर ते कधी त्या खुर्चीत बसले नाहीत. लग्नाकार्याला जाणंच सोडलं. नातलग तुटत गेले. मूलबाळ नव्हतं. वडिलांच्या जागेवर हे घर बांधलं आणि सगळ्या खुर्च्या ट्रकमध्ये घालून दोघं मोताळ्याला आली.

घरी येणाऱ्याला बसवून बघायचा त्यांना नाद होता. पोस्टमन, गॅसवाला, वीजबिल वाटणारा, कोणीही. "कसं वाटतं?" असं ते लगेच विचारत नसत. माणूस बोलण्यात रमला, शरीर सैल पडलं की मग विचारायचे. तोवर समोरचा कसा सरकतो, कोणत्या हाताला टेकायला जागा शोधतो, पाय कधी वर घेतो हे बघत. लोक कंटाळले. फाटकाबाहेरूनच हाका मारून जाऊ लागले. बाजाराच्या दिवशी काका पिशवी घेऊन निघत, पण भाजी आणायचं विसरत. कोण कसं बसलंय एवढंच बघून येत. पोत्यावर बसलेला, ट्रॉलीच्या कडेला टेकलेला, उकिडवी बसून कांदे तोलणारी बाई. "त्या बाईची पाठ बघितलीत? कशी वळलेली, आकडा आहे आकडा," असं घरी येऊन मला सांगायचे. भाजी मग काकू किंवा मी जाऊन आणायचो.

त्यांची स्वतःची म्हणून एकच खुर्ची होती. तिच्यापायी त्यांनी म्हातारपण घातलं. आपल्याकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून जाळतात. त्या पऱ्हाट्यांचा धागा काढायचा, त्यावर वाळून कडक होणारं रेझिन ओतायचं आणि साच्यात दाबून एका तुकड्यात खुर्ची काढायची, असं त्यांचं चाललेलं होतं. लोखंड नाही, खिळा नाही, जोड नाही. शेडमध्ये पऱ्हाट्या भिजत पडलेल्या असत. मोगरीनं त्या कुटताना ते तासन्‌तास बोलत नसत. रेझिनचा वास असा की माझं डोकं दुखायचं आणि शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. कधी खुर्ची साच्यातून निघताना फाटायची, कधी वाळताना पिळवटायची. शेवटी मजबुतीसाठी आत सुती कापडाचे थर घालायला लागले. कापड कुठलं, तर काकूची जुनी लुगडी. रेझिन वाळल्यावर आतले काठ दिसायचे, पाण्याखाली दिसावेत तसे.

"हे पाय," म्हणजे हे बघ, असं म्हणत काकूनं मला एकदा बोट लावून दाखवलं. "हे जांभळं. बहिणीच्या लग्नात घेतलं होतं. आता त्याच्यावरच बसाचं म्हणते हा माणूस."

ती खुर्ची सुंदर होती. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण पुढे जे सांगायचंय ते ऐकून कोणाला वाटेल की माणूस नुसता खुळा होता. तसा नव्हता. शेतातल्या मातीचा रंग, एकही सरळ रेघ नाही, पाठीकडून बसायच्या जागेकडे ती अशी वाहत यायची की हात फिरवावासा वाटे. बसलं की अंगाचा भार कुठं गेला ते कळत नसे. फक्त ती ठेंगणी होती, मागे कललेली होती, आणि तिला हात नव्हते.

ती काकूच्या मापाची होती. लग्न होऊन ती मुंबईला गेली तेव्हा काकांनी ओल्या प्लास्टरवर तिला बसवून ठसा घेतला होता. नवी नवरी, तिला वाटलं मुंबईत असंच काहीतरी करतात. त्या ठशावरून ड्रॉइंग निघालं, आणि ड्रॉइंगवरून आयुष्यभर ही एकच खुर्ची. "माणसाच्या शरीराला इतकं बरोबर माप मी दुसरं पाहिलं नाही," असं ते माझ्यासमोर म्हणाले. मला वाटलं काकू लाजेल. ती डाळ निवडत म्हणाली, "थे माप घेतलं तवा मी काडी होतो. आता पाय." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना होतो, बसतो, उठतो असंच म्हणतात. काका तिला तेही सुधारायला सांगायचे. तिनं आयुष्यभर ना बोलणं सुधारलं ना बसणं. स्वयंपाकघरात पाटावर बसायची, जेवायची, तिथंच जरा लवंडायची. त्या सगळ्या खुर्च्यांच्या घरात ती जमिनीवर राहिली.

मग तिचे गुडघे गेले. मलकापूरच्या डॉक्टरांनी तिचं खाली बसणं बंद केलं. खुर्चीवरच बसायचं, म्हणाले. काकांना मनातून आनंद झाला असावा. तिची खुर्ची तिला मिळाली. पण त्या खुर्चीत एकदा बसलं की तिला उठता येईना. धरायला काही नाही. ती आधी एका अंगावर कलायची, मग टेबलाची कड पकडायची, मग देवाचं नाव घेत वर यायची. काका शेजारीच असले तर हात देत. शेडमध्ये असले तर ती हाका मारत बसे. मोगरीच्या आवाजात हाका कुठल्या ऐकू यायला.

एका सकाळी ती तशीच पडली. मनगट मोडलं. मी धावले तेव्हा ती फरशीवर आणि काका तिच्याजवळ बसलेले. त्यांनी तिला उठवलं, पाणी दिलं, रिक्षा आणायला मला पिटाळलं. घाबरले होते. पण दवाखान्यातून परत येताना रिक्षात मला म्हणाले, "तिनं वजन डावीकडे टाकायला नको होतं."

प्लास्टर होतं तोवर त्यांनीच खिचडी टाकली, तिचे केस विंचरले. वेणी घातली तीही नीट, घट्ट, तिपेडी. मी दारातून बघितलं आणि मला वाटलं, आता हा माणूस ऐकेल. म्हणून बोलले.

"काका, त्या खुर्चीला हात लावा ना. काकूंना उठताना आधार होईल."

"हात लावले की आकार मेला."

"पण त्या पडल्या."

"गरज खुर्चीला नाही. सवयीला आहे. नीट बसायची सवय केली की उठणं आपोआप येतं."

"त्यांचं वय काय, वजन काय आता—"

"माप आहे माझ्याकडे," ते म्हणाले, आणि शेडकडे गेले.

पुढच्या बाजारातून मी हाताची पांढरी खुर्ची आणली. अट मोडून, ते शेडमध्ये असताना, बाजूच्या दारानं. काकूला माझ्या खोलीची किल्ली दिली. मी शाळेत गेले की दुपारी ती येऊन बसायची. कधी वाती वळायची, कधी नुसतीच खिडकीतून रस्ता बघायची. मी परत आले की मला करून दाखवायची. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवून, "हे पाय," म्हणत उठायची. परत बसायची. परत उठायची. लहान मुलीसारखी.

"काकू, पुरे. दमाल."

"दमू दे वं. कोनाले हाक तं नाई माराव लागत."

त्याच सुमारास आमच्या शाळेत नवं सभागृह झालं आणि खुर्च्या घ्यायचं ठरलं. मी मुख्याध्यापकांकडे काकांच्या खुर्चीचा विषय काढला. आपल्याच गावची, आपल्याच पऱ्हाटीची खुर्ची. त्यांना पटलं. एका रविवारी ते संस्थेच्या अध्यक्षांना घेऊन काकांकडे आले. अध्यक्षांची कापसाची जिनिंग गिरणी होती. देहानं मोठा माणूस. काकांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पऱ्हाटीची खुर्ची अंगणात मधोमध ठेवली होती.

अध्यक्ष बसले. काकू दाराआड पदर तोंडाला लावून उभी. तिला वाटलं मोडणार. खुर्ची कुरकुरली सुद्धा नाही. अध्यक्ष मागे रेलले. बोलता बोलता पाय लांब केले. कापसाचे भाव, पाऊस, आमदार, सगळं त्या खुर्चीत रेलून बोलून झालं. काका नेहमीप्रमाणे थांबले आणि मग विचारलं, "कसं वाटतं?"

"एक नंबर, साहेब. खोटं नाई सांगत. उठावंच नाई वाटून राह्यलं."

"मग?"

अध्यक्षांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं. त्यांनी हात धरून अध्यक्षांना उठवलं. उभं राहून, धोतर सारखं करत ते म्हणाले, "पन कसं हाय साहेब, हिच्यात बसलं का पाहुना अन् चपराशी सारखाच दिसते. स्टेजवर कलेक्टर आले, अन् असे रेलून बसले, तं कसं दिसन थे?"

"तेच तर," काका म्हणाले. "तेच तर आहे ना."

अध्यक्षांना ते कळलं नाही. ते भले गृहस्थ होते. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कला हाय तुमच्या हातात," आणि चहा पिऊन गेले. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं की पांढऱ्याच घ्यायचं ठरलंय. एकावर एक रचता येतात.

शाळेच्या खुर्च्या आल्या त्या दिवशी सुट्टी होती. टेम्पो बुलढाण्याकडून आला, म्हणजे आमच्या फाटकासमोरूनच गेला. पांढऱ्या खुर्च्यांच्या चळती दोरीनं बांधलेल्या, वाऱ्यानं एकमेकींवर आपटत चाललेल्या. काका फाटकात उभे होते. टेम्पो दिसेनासा झाला तरी उभे होते. मग घरात आले. काकूला हाक मारली. ती घरात नव्हती.

ती माझ्याकडे होती. पांढऱ्या खुर्चीत बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती, मी जमिनीवर वह्या तपासत होते. दार उघडंच होतं. काका दारात आले. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

"ऊठ," ते काकूला म्हणाले.

काकूनं मांडीवरचं ताट माझ्याकडे दिलं. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले. मोडलेलं मनगट अजून दुखरं होतं, तरी टेकवलं. आणि ती उठली. सावकाश, पण सरळ, कोणाला न धरता.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "आपली आपली उठलो मी. पाह्यलं का तुमी?"

आयुष्यात मी कोणाच्या तोंडाकडे इतक्या आशेनं बघितलं नसेल. त्या माणसानं आयुष्यभर माणसं कशी बसतात, कशी उठतात तेच बघितलं होतं. त्या क्षणी त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं असतं तर. ते खुर्चीकडे बघत होते. पुढे होऊन त्यांनी खुर्चीच्या पाठीवर नख ओढलं, नखाला लागलेली पांढरी भुकटी बघितली.

"धड प्लास्टिकसुद्धा नाही," म्हणाले. "खडू मिसळलाय."

खुर्ची उचलून ते शेडमध्ये गेले. थोड्या वेळानं करवतीचा आवाज यायला लागला. काकू माझ्या पलंगाच्या कडेवर बसून राहिली. ते परत आले तेव्हा खुर्चीचे दोन्ही हात कापलेले होते. कापल्या जागी कानशीनं घासून गुळगुळीतही केलं होतं. खुर्ची त्यांनी होती त्याच जागी ठेवली.

"आता ठेवा," मला म्हणाले. "आता निदान बघवते."

काकूनं रात्री नेहमीसारखा स्वयंपाक केला, उभ्यानं. सकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "माह्या बहिणीले फोन लाव."

बहीण जळगाव जामोदला राहायची. विधवा, दोन मुलं कामाला बाहेर. घराला लागून तुकडाभर मळा, त्यात वांगी, मेथी. मोठ्या बहिणीला न्यायला ती स्वतः आली. काकूनं एक पिशवी भरली. फाटकाशी काका उभे होते. त्यांना वाटलं असावं, चार दिवस माहेरपण.

"कधी येशील?"

"माह्यं आताचं माप घ्याचं असन तं बलावजा," काकू म्हणाली. "येतो मी."

"तुझं माप माझ्याकडे आहे."

"थे माह्यं नाई," ती म्हणाली. "थे त्या पोरीचं हाय."

त्यांनी बोलावलं नाही. ती आली नाही. मीही तो महिना संपताच खोली सोडली. किल्ली द्यायला गेले तेव्हा ते मोगरीनं पऱ्हाट्या कुटत होते. मान वर करून म्हणाले, "तुमची पाठ चांगली होती. उगाच चाललात." गावात लोक म्हणायला लागले की म्हातारी बहिणीला हाताशी म्हणून राहिली आहे. काकाही विचारलं की हेच सांगत.

सुट्टीत मी जळगाव जामोदला जायची. काकू अंगणात हाताच्या पांढऱ्या खुर्चीत बसलेली असे. बहिणीनं तिच्यासाठी आणलेली. सकाळी ऊन असेल तिथं ती खुर्ची सरकवायची, दुपारी सावली असेल तिथं. समोर सातपुडा. जाणारा येणारा थांबून दोन शब्द बोलायचा. मेथीच्या जुड्या बांधायच्या, कोणाच्या पोराला रागवायचं, उठून मळ्यात एक चक्कर मारायची, परत बसायचं. ती जाड झाली, तुकतुकीत दिसायला लागली. काकांबद्दल वाईट कधी बोलली नाही. "जेवून राह्यले का नीट?" एवढं विचारायची. मला माहीत नसायचं. मी हो म्हणायची.

एकदा माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. पुण्याची कोणी तरुण मुलं मोताळ्याला जाऊन आली होती. काका शेडमध्ये उभे, खंगलेले, दाढी वाढलेली, आणि पऱ्हाटीच्या खुर्चीवर हात फिरवत सांगतायत, हे माझ्या पत्नीच्या शरीराचं माप आहे. मुलगा विचारतो, त्या कुठे आहेत? "गावाला गेलीय," काका म्हणतात, आणि परत धाग्याबद्दल बोलायला लागतात. खाली लोकांनी भरभरून लिहिलं होतं. मी तो काकूला दाखवला. तिनं डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत बघितला.

"खुर्ची चांगली दिसून राह्यली," म्हणाली. मग मोबाईल परत देत, "शर्टाची बटनं तुटलेली हायेत त्यायची. पाह्यलं का?"

काकू गेली ती हिवाळ्यात, सकाळी. बहिणीनं मला कळवलं, मी काकांना फोन केला. "येतो" म्हणाले. दुपारी बसनं आले. अग्नी त्यांनीच दिला.

स्मशानातून परत आल्यावर अंगणात माणसं बसली. मांडववाल्याच्या खुर्च्या मांडलेल्या, पांढऱ्या, पाठीवर त्याच्या दुकानाचं नाव रंगवलेलं. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. काका भिंतीशी उभे होते. कोणीतरी खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी हातानं नको म्हटलं. परत कोणी सरकवली, परत नको. गुडघे त्यांचेही गेले होते. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. शेजारचे एक म्हातारे माझ्या मागे हलक्या आवाजात म्हणाले, "काय जीव असन हो बायकोवर. आल्यापासून टेकले नाईत." दुसरे म्हणाले, "आजकाल कोन करते एवढं."

मला त्या दोघांना उठवून सांगावंसं वाटलं. काय सांगणार होते?

काकूची बहीण पाणी घेऊन त्यांच्याकडे गेली. मीही उठून तिच्यामागे गेले.

"भाऊजी, बसा आता."

"ठीक आहे मी."

"पाय कापून राह्यले तुमचे."

"असू दे."

तिनं खुर्चीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. सगळं तिला माहीत होतं. "ह्या भाड्याच्या नको असन तं ताईची हाय घरात. थे आनून देतो. ताई तिच्यातच गेली."

काकांनी मान वर केली. "खुर्चीत?"

"हाव. उन्हात बसली होती. मी चहा घेऊन गेलो, तं..."

"कशी बसली होती?"

तिला प्रश्न कळला नाही. मला कळला.

"कशी म्हंजे?"

"पाठ टेकलेली होती? मान?"

तिनं पेला भिंतीच्या कडेवर ठेवला. रडून रडून तिचा आवाज बसला होता, पण शब्द तिनं एकेक नीट उच्चारला. "आरामात बसली होती, भाऊजी. मांगं टेकून. दोनी हात खुर्चीच्या हातावर ठेवेल होते. मले वाटलं झोपली."

काकांनी हळूहळू मान हलवली. मग तोंड फिरवून ते डोंगराकडे बघत राहिले.

आम्ही दोघी जाऊन बसलो. परतीची नांदुऱ्याची बस येईपर्यंत ते उभेच होते.